मधल्या ट्यूबवरची गाठ

पाण्याला मी भिते. लहानपणी भीत होते, अजूनही भिते, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. साताऱ्याच्या आमच्या घरात पाणी नळाला यायचं, बादलीत पडायचं आणि गप बसायचं. माणसाला तेवढं पाणी पुरे. पण मे महिना लागला की आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन एसटीनं आष्ट्याला उतरायची आणि तिथून मामाच्या गावाला, ऐन कृष्णाकाठी. गावातली शेंबडी पोरं घाटावरून धडाधड उड्या मारायची. मी वरच्या पायरीवर बसून पाय भिजवायची, तेही घोट्यापर्यंत. सगळे मला ‘सातारच्या बाईसाहेब’ म्हणून चिडवायचे. चिडवू देत. बाईसाहेब कोरड्या होत्या ना.

नव्वद सालाला दोन-तीन वर्षं उलटून गेली असतील. मी बारा वर्षांची होते, धाकटी सहाची. मामा आईपेक्षा चार वर्षांनी लहान. ऊस, दोन बैल, तीन म्हशी आणि अंगात भरपूर हौस, असा त्याचा संसार. त्या वर्षी आम्ही पोचलो तर अंगणात ट्रकच्या दोन आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची एक, अशा तीन ट्यूबा फुगवून ठेवलेल्या. आष्ट्याच्या पंक्चरवाल्याकडनं ठिगळं लावून आणल्या होत्या. मामा म्हणाला, औंदा पोरींना नदीतनं फिरवून आणायचं. ट्रॅक्टरनं वरच्या गावाच्या घाटावर जायचं, तिथं ट्यूबांवर बसायचं आणि पाण्यासंगं हळूहळू आपल्या घाटावर यायचं. दोन-अडीच तासांचं काम.

मला वाटलं, आई आता याला चांगली झाडणार. आई म्हणजे साध्या गटारावरून उडी मारू न देणारी बाई. पण आई हसली आणि कधी जायचं म्हणून विचारायला लागली. मी बघतच राहिले. मग कळलं, की नदीकाठच्या गावात जन्मून तिनं नदी फक्त धुणं धुताना बघितली होती. मामा सहाव्या वर्षी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकला. आईला कुणी शिकवलं नाही. मुलीच्या जातीला कशाला, म्हणून. तिला पोहता येत नव्हतं, आणि तरी तिला जायचं होतं.

मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आई म्हणाली, मग राहा मामीजवळ. धाकटी तर ट्यूबवर बसून अंगणातच हात मारायला लागली होती. माझी पंचाईत झाली. मला नदी नको होती, पण माझ्याशिवाय धाकटी नदीवर गेलेली त्याहून नको होती. मला सारखं दिसायचं, की ती बुडतीय आणि कुणाचं लक्ष नाही. मोठी बहीण असणं ही एक कटकटच असते. रात्रभर विचार करून सकाळी माझं पोट थांबलं.

निघायच्या आधी मामीनं शंका काढली होती. नदीवरच्या बंधाऱ्याची. आमच्याकडं कृष्णेवर कोल्हापुरी बंधारे आहेत. दगडी खांबांची रांग, आणि दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात एकावर एक लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घेतात, नाहीतर पुरात सगळाच बंधारा जायचा. मामाच्या गावाचा बंधारा घाटाच्या खालीच, हाकेच्या दोन टप्प्यांवर. मामा म्हणाला, बरगे काढायला अजून आठ दिवस आहेत, दरवर्षी मिरगाच्या आधी दोन दिवस काढतात, आणि बंधारा अडवलेला असला की नदी म्हणजे तळंच. दरवर्षी तसंच व्हायचं, हे खरं होतं.

वरच्या घाटावर ट्यूबा पाण्यात टाकल्या. मामानं ट्यूबांच्या व्हॉल्व्हला चिंध्या गुंडाळल्या, मांडीला टोचू नये म्हणून. पुढच्या ट्यूबवर तो, हातात लांब बांबू. मधल्या ट्यूबवर मी. मागच्या मोठ्या ट्यूबवर आई आणि तिच्या मांडीत धाकटी. मग त्यानं बैलाचा कासरा काढला आणि तिन्ही ट्यूबा एकामागं एक बांधल्या. दोन्ही गाठी माझ्या ट्यूबवर आल्या, एक पुढच्या दोराची आणि एक मागच्या.

आता गाठीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. मामाच्या घरात जनावर कधी निरगाठीनं बांधत नसत. निरगाठ म्हणजे ओढाल तेवढी आवळणारी. तिथं सगळीकडं सुरगाठ. तिचं एक शेपूट मोकळं ठेवायचं आणि ते ओढलं की गाठ सटकन सुटते. एकदा शेजारच्या गोठ्याला आग लागली होती आणि निरगाठीनं बांधलेली म्हैस दाव्यालाच जळून गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही पहिल्यांदा सुरगाठ शिकवायची पद्धत. मामानं मलाही दोन्ही गाठींची शेपटं दाखवली. म्हणाला, “मी वरडलो की ही वडायची. आक्का घाबरंल, म्हणून तुझ्याकडं दिलंय. तू शानी हायस.”

मी शहाणी नव्हते, घाबरट होते. पण बारा वर्षांच्या मुलीला शहाणी म्हटलं की ती काय बोलणार?

पहिला तासभर सांगण्यासारखं काही झालं नाही. पाणी हिरवं आणि संथ. काठाला ऊस, मधूनच पंपाची खोली, नदीत उतरलेला काळा पाइप. आई गाणं गुणगुणत होती. घरी ती कधी गुणगुणायची नाही. तिनं पदर खोचला होता आणि पाय पाण्यात सोडले होते. धाकटी दिसेल त्या बगळ्याला हाका मारत होती. मामा मधूनच मगरीचं नाव काढून आम्हाला भिववायचा आणि आई त्याच्यावर पाणी उडवायची. मला मात्र काही सुचत नव्हतं. माझी नजर मागच्या गाठीवर खिळलेली. ते शेपूट पाण्यात लोंबत होतं, लाटेबरोबर हलत होतं. मला वाटायला लागलं, हे असंच कशाला तरी अडकेल, ओढलं जाईल, गाठ सुटेल आणि धाकटी मागच्या मागं राहील. मी पुढं बघत असेन आणि मला कळणारसुद्धा नाही. हे एकदा डोक्यात शिरलं ते शिरलं. मामाला विचारलं असतं तर तो हसला असता.

मी विचारलं नाही. मामाची पाठ माझ्याकडं होती. मी ते शेपूट उचललं, गाठीवरून दोनदा फिरवलं, खालून काढलं आणि दातानं धरून गच्च ओढलं. माझ्या दप्तराच्या पट्ट्याला मारायची तशी निरगाठ. मग मला बरं वाटलं. त्या दिवसभरात तेवढाच वेळ बरं वाटलं.

पुढच्या वळणानंतर मामा बोलायचा थांबला. मी बघितलं, तो काठाकडं बघत होता. काठाच्या चिखलावर पाण्याच्या वर वीतभर ओला पट्टा होता. म्हणजे पाणी आत्ताच खाली गेलं होतं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, पण मामाची मान कळली. गप्पिष्ट माणूस गप्प झाला की भीती वाटते. ऊस आता भराभर मागं जात होता. मामानं बांबू पाण्यात खुपसला तर तो तळाला टेकेना. आईनं गुणगुणणं थांबवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मामा म्हणाला, काही नाही, जरा लगेच काठाला लागू. त्याचा आवाज वेगळा होता.

वरच्या अंगाला वळवाचा पाऊस झाला होता, म्हणून त्या वर्षी बरगे आठ दिवस आधीच काढायला घेतले होते. हे आम्हाला नंतर कळलं. मामा दोन दिवस उसाच्या पाण्यावर होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

आमचा घाट आला. पायरीवर धुणं धुणाऱ्या बायका दिसल्या. मामानं पाण्यात उडी मारली आणि मागची ट्यूब काठाकडं ढकलायला लागला. पण आम्ही नदीच्या मध्यात होतो आणि पाणी आम्हाला सोडत नव्हतं. बायका उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यातली एक काठानं पळायला लागली. घाट मागं गेला. मी मेले, हे माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं, जसं उद्या सोमवार आहे असं येतं तसं.

मग आवाज ऐकू आला. बंधाऱ्याचे अर्धे गाळे उघडे होते आणि त्यातून पाणी खाली कोसळत होतं. वर माणसं साखळ्या घेऊन उभी होती, बरगे ओढायचं काम चालू होतं. आम्हाला बघून ती ओरडायला लागली. काठाकडचे गाळे अजून बंद होते, तिथं पाणी शांत होतं. मामानं आईची ट्यूब जीव खाऊन त्या बाजूला ढकलली. मी मात्र पुढं होते, आणि माझ्याही पुढं मामाची रिकामी ट्यूब. ती आधी उघड्या गाळ्यात शिरली आणि मला ओढायला लागली.

मामा ओरडला, “पुढची सोड!”

मी शेपूट ओढलं. सटकन गाठ सुटली. रिकामी ट्यूब गाळ्यातून खाली गेली, दिसेनाशी झाली. माझी ट्यूब खांबाला धडकली आणि खांबाच्या दगडाला तिरकी होऊन अडली. वरून एक माणूस पोटावर आडवा झाला आणि त्यानं हात खाली सोडला.

“आता मागची सोड आणि त्यांचा हात धर!”

मी मागची गाठ धरली. शेपूट कुठं होतं? शेपूट मीच आत घातलं होतं. भिजून कासरा फुगला होता, गाठ दगडासारखी झाली होती. मी नखं लावली, दात लावले. तोंडात चिखलाची चव आली. मामा परत ओरडला. मी “सुटत नाही” म्हणाले, पण आवाज बाहेर आला नाही. तेवढ्यात त्या माणसानं माझं मनगट पकडलं आणि मला वर उचललं.

मी उचलली गेले तशी माझी ट्यूब हलकी झाली आणि उघड्या गाळ्यात गेली. कासरा खांबाला वेढा घालून ताणला गेला. खांबाच्या पलीकडं, शांत पाण्यात पोचलेली आईची ट्यूब त्या कासऱ्यानं खांबाकडं ओढली गेली आणि उभी झाली. मला वरून दिसलं. आई दोन्ही हातांनी ट्यूबला लटकली होती. तिच्या मांडीत कुणी नव्हतं.

धाकटी पाण्याखाली किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. मामा बुडी मारून गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या डाव्या मुठीत तिचा फ्रॉक होता. ती खोकली. खोकल्याचा इतका चांगला आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. पण ट्यूब अजून दबत होती, आईचा चेहरा पाण्याला लागला होता, म्हणून मामानं उजवा हात कासऱ्याखाली घातला, तो खांबापासून उचलून धरायला. तिथंच त्याची बोटं सापडली, दगड आणि दोर यांच्यामधे. तो ओरडला नाही. एकानं कोयता आणून कासरा तोडला आणि मग सगळं सैल झालं.

आम्ही बंधाऱ्यावर ओळीनं बसलो होतो. धाकटीला उलटं करून पाणी काढत होते. कोयतेवाल्यानं कासऱ्याचं तुटलेलं टोक धरून माझी ट्यूब वर ओढून घेतली, गाठ हातात धरली आणि म्हणाला, “निरगाठ कुठल्या शान्यानं मारली रं हितं?”

मामानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग आपल्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, “मीच मारली. गडबडीत बसली.”

घरी मामीनं मुठीनं हळद दाबून फडकं बांधलं आणि त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. अनामिका आणि करंगळी वाचल्या, पण वाकायच्या बंद झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात आई त्याला काय नाही ते बोलली. मी आईला तशी कधी बघितली नव्हती. तिला राग आला होता तो हौसेचा नाही, बंधाऱ्याचा नाही, गाठीचा. तुला साधी गाठ मारायची अक्कल नाही आणि माझ्या पोरी पाण्यात घातल्यास, म्हणाली. मामा खाली मान घालून ऐकत होता. मी त्याच बाकावर बसले होते. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर आई माहेरी गेली नाही. मे महिन्यात आम्ही साताऱ्यातच असायचो. दिवाळीत मामा एकदा आला, दारात चहा पिऊन गेला. भाऊबीजेला भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. आईनं तीन वर्षं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं, जिवंत, धडधाकट, चार तासांवर राहणारा भाऊ असताना.

आणि मी? मी पोस्टमनला भ्यायला लागले. मामाचं निळं पत्र यायचं, अक्षर पहिल्यापेक्षा मोठं आणि वाकडं. बाबा मोठ्यानं वाचायचे आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज त्यानं लिहिलं असणार. गाठ माझी नव्हती आक्का, तुझ्या पोरीची होती. मी दाराच्या फळीला धरून उभी राहायची. पत्रात ऊस असायचा, म्हैस व्यालेली असायची, पोरींना आशीर्वाद असायचा. भीती पाण्याची असती तर पाण्याजवळ न जाऊन भागलं असतं. ही तर घरातच राहायला आली होती.

तिसऱ्या भाऊबीजेला मी पंधराची होते. आई ताट घेऊन गच्चीवर निघाली आणि मी मागोमाग गेले. चंद्र बारीक होता, ढगाआड जात होता. आई वाट बघत उभी होती. निरांजन वाऱ्यानं विझायला आलं, तिनं हाताचा आडोसा केला. मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. गाठ मामानं मारली नव्हती, मी मारली होती, धाकटी सुटून जाईल म्हणून. एवढंच. रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही आलं नाही. मी आईच्या हाताची वाट बघत राहिले, आता गालावर बसणार म्हणून.

आईनं ताट कठड्यावर ठेवलं.

“मी बघितलं होतं,” ती म्हणाली. “तू दातानं ओढत होतीस तेव्हा मी मागनं बघत होते. मलासुद्धा तीच भीती वाटत होती गं. तू गाठ पक्की केलीस आणि मला बरं वाटलं.”

तिला तेव्हा एक शब्द बोलता आला असता, नको म्हणून. ती बोलली नव्हती. नंतर व्हरांड्यात ती मामाला बोलत होती, आणि मी समजत होते की तिला माहीत नाही. तीन वर्षं ती माझ्याकडून लपवत होती आणि मी तिच्याकडून, आणि दोघींचं ओझं तिकडं वाकडं अक्षर काढणाऱ्या माणसाच्या गळ्यात.

चंद्र ढगातून बाहेर आला होता. आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताट उचलून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही आष्ट्याला उतरलो. भाऊबीज काल होऊन गेली होती. मामा गोठ्यात होता. आम्हाला बघून तो गडबडला, मामीला चहा टाकायला सांगितलं, धाकटी केवढी झाली म्हणाला. आईनं पिशवीतून ताट काढलं, तिथंच गोठ्याच्या दारात. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून खांद्यावरचा टॉवेलच डोक्यावर घेतला त्यानं. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं. मग ओवाळणी टाकायला मामानं उजवा हात पुढं केला, तर नोट त्या ताठ बोटांतून ताटाबाहेर पडली. आईनं नोट उचलली नाही. तिनं ती दोन बोटं आपल्या हातात घेतली आणि वाकवून बघायला लागली.

“न्हाई वाकत आक्का,” मामा म्हणाला. “सोड.”

आईनं सोडली नाहीत.